खोली नंबर दोन

नारळी पौर्णिमा उलटली की
इचलकरंजीहून मगदूमांचा फोन येतो.
मागे यंत्रमाग चालू असतात, खटाखट खटाखट,
आणि त्या आवाजाच्या वर चढून ते विचारतात,
वहिनी, दिवाळीत दोन नंबरची खोली रिकामी आहे काय?
खिडकीतनं समुद्र दिसतोय न्हवं, का मध्ये झाडं?

मी सांगते, दोन माड आहेत.
एक सरळ. दुसरा वाकडा,
त्याच्या बाकातून दिसतो समुद्र.

मग फोंड्यानं यावं की करूळ घाटानं,
लहानग्याला गाडी लागते,
आम्ही मासे खात नाही, चालतंय ना तुमच्यात?
आई तर कांदासुद्धा नाही.
चालेल म्हणते. काळ्या वाटाण्याची उसळ करीन, घारगे करीन.
आणि जेवण सूर्यास्ताच्या आत होईल काय?
होईल हो, पण मग सूर्यास्त कोण बघणार?
ते हसतात. माग हसत नाहीत.

वहीत मी पेन्सिलीनं लिहिते: मगदूम, चार दिवस.
पेनानं लिहायचं आता सोडलंय.

कारण धनत्रयोदशीच्या आधी पुन्हा फोन:
सूत महागलं.
पुढच्या वर्षी, मोठी ऑर्डर आली.
त्याच्या पुढच्या वर्षी कामगार गावाला गेले ते आलेच नाहीत.
एकदा नुसतंच,
आई गेली, वहिनी.
त्या दिवशी माग बंद होते.
पहिल्यांदाच मला त्यांचा स्वतःचा आवाज ऐकू आला.
बारीक होता. मला वाटायचं, माणूस धिप्पाड असेल.

हे सातवं वर्ष.
या खेपेला घाट विचारला नाही, जेवण विचारलं नाही.
म्हणाले, तिथं शांत असतंय काय हो?

काय सांगावं?
देवबागेत एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला दर्या,
मध्ये आमची वाळूची पट्टी, पदराच्या काठाएवढी.
इथे शांत असं कधी नसतंच.
मी चुलीवरचं उतरवलं,
चपला न घालता सुरूंतून खाली गेले
आणि फोन लाटांसमोर धरला.

बराच वेळ.
हात भरून आला तेव्हा कानाला लावला.
रात्रभर असाच? ते म्हणाले.
रात्रभर.
बंद होत नाही?
वीज गेली तरी नाही.
मग आमच्यासारखंच की ओ, म्हणाले,
फक्त ह्याला सूत लागत नाही.

फोन ठेवला तरी मी तिथेच.
पायाखालची वाळू सरकत होती, घोटे आत जात होते.
याआधी इथे कधी आले होते
बादलीशिवाय, पाहुण्यांची राहिलेली चप्पल शोधण्याशिवाय,
पोरांनो पुढे जाऊ नका ओरडण्याशिवाय?
आठवेना. लग्नाच्या वर्षी असेन.

घरी येऊन वहीत लिहिलं, पेनानं.
खाली आणखी एक ओळ:
मगदूम न आल्यास, हेमांगी कुबल, दोन रात्री.
ह्यांनी वाचलं. म्हणाले,
खुळी काय गो तू? आपल्याच घरात भाड्यान ऱ्हवतलंस?
भाडं नाय देवचंय, मी म्हटलं. चाय तेवडी आणून दी.
त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा वाचलं.

दुपारी दोन नंबर झाडली. दिव्याचा बल्ब बदलला.
दार लोटून घेतलं
आणि पाहुणा पडतो तशी पडले, हात पसरून.

सात वर्षं मी त्या माणसाला सांगत आले.
पडल्यावर तिथून समुद्र दिसत नाही.
वाकड्या माडाचं खोड दिसतं, त्यावर एक खार,
आणि पंख्याची तीन पाती.

मग उशी पायाकडे घेतली.
एवढासा. दोन बोटं रुंदीचा.
पण हलणारा.

उद्या फोन करते त्यांना,
सांगते, उशी तेवढी उलटी घ्या.